पंच्याऐंशीच्या आत

काटा एक्क्याण्णववर थांबला. ताई खाली उतरली, गळ्यातली ओढणी काढून ठेवली आणि पुन्हा चढली. एक्क्याण्णव.

"ओढणीचं वजन नसतं हो," चमचेवाल्या बाई म्हणाल्या आणि आकडा लिहून टाकला.

बाईंचं खरं नाव वजन उतरवायच्या त्या गटात कोणी घेत नसे. प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवा, जेवणाची जागा एकच ठेवा, खाल्लेलं सगळं वहीत लिहा, शेजारी मनात काय होतं तेही लिहा. वजनाच्या आधी सवयी उतरवा, असं त्यांचं सांगणं. बाकीच्या बायका गुडघ्यांसाठी नाहीतर नवऱ्याच्या टोमण्यांना कंटाळून आल्या होत्या. ताई आली होती धाकट्या भावासाठी. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि साऱ्या गोतावळ्यात जुळत होतं ते एकट्या ताईचं. इस्पितळाची अट एकच होती: वजन पंच्याऐंशीच्या आत आणा. मुदत संपायला आठ दिवस उरले होते.

एकशे दोनवरून ती अठ्ठ्याऐंशीला टेकली होती. गटाने टाळ्या वाजवल्या होत्या. तिथून वजन जे चढायला लागलं ते चढतंच होतं.

बाईंनी वही उघडली. सकाळी दोन उकडलेली अंडी. दुपारी काकडी, पावाचा एक तुकडा. संध्याकाळी वाटीभर भोपळ्याचं सूप. 'मनात काय होतं' या रकान्यात रोज एकच शब्द: भीती.

"एवढ्यावर वजन वाढत नाही, ताई. कुठेतरी पाणी मुरतंय."

"मी खोटं नाही लिहीत हो."

"कोणीच नाही लिहीत. हात तोंडाकडे जातो आणि डोक्याला पत्ता नसतो. घरचा कचऱ्याचा डबा रोज तपासत जा. वही विसरते, डबा विसरत नाही."

ताईने आठवडाभर डबा उपसला. भोपळ्याच्या साली, अंड्यांची टरफलं, बस्स. डबा स्वच्छ निघाला तशी ती जास्तच घाबरली. म्हणजे आपण बाहेर खातो, आणि आपल्यालाच कळत नाही! लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करता करता ती मध्येच हातांचा वास घ्यायला लागली. सोबतिणीला म्हणाली, "माझ्यावर लक्ष ठेव गं."

"तू पाणीसुद्धा मोजून पितेस. लक्ष कशावर ठेवू?" सोबतीण हसली. ताईला हसू आलं नाही. ती आता स्वतःलाच चोर समजत होती.

घरी भावाने वाटी पुढे ठेवली. इस्त्रीने तिचे खांदे भरून येतात म्हणून मध्यंतरी स्वयंपाक त्याने हट्टाने आपल्याकडे घेतला होता. त्याचं जेवण वेगळं, बिनमिठाचं. भोपळा त्याला वर्ज्य होता.

"छान दाट झालंय रे."

"भोपळा चांगला निघाला."

तिने चमचा खाली ठेवला, उचलला, ठेवला. वाटी रिकामी होईपर्यंत तो समोर बसून राहिला.

"ताई, सोड ना हा नाद. डायलिसिसच्या मशीनवर लोक वीस-वीस वर्षं काढतात."

"तू नाही काढणार. डॉक्टरांनी वर्ष सांगितलंय. मीही तिथेच होते."

त्याने रिकामी वाटी उचलली. मग म्हणाला, "आई तर नुसता खडा काढायला गेली होती."

"गप रे. ते दिवस वेगळे होते."

आई ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही तेव्हा तो सातवीत होता. त्याला लहानाचं मोठं ताईनेच केलं.

मुदतीच्या दिवशी दुपारी इस्पितळाचा काटाही तेच म्हणाला. डॉक्टरांनी फाईल मिटली. "वाईट वाटतं. पण तुमचं नाव आता पुढे पाठवता येणार नाही."

ताई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. रडू फुटेना. ज्याला या हातांनी वाढवलं, त्याला या तोंडाने मारलं, एवढंच डोक्यात घोळत होतं. लॉन्ड्रीत जायचा धीर झाला नाही. ती तशीच घरी निघाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणखी दोन मिनिटं मिळावीत म्हणून तिने चपला हातात घेतल्या आणि अनवाणी आत आली.

भाऊ ओट्याशी पाठमोरा उभा होता. त्याने लोण्याची अख्खी वडी सुपात सोडली. त्यावर क्रीमचा खोका उलटा केला आणि सुया टोचून दुखऱ्या झालेल्या हाताने, थांबत थांबत, वर एकही तवंग दिसेनासा होईपर्यंत घोटत राहिला. मग वाटी भरून झाकली, लोण्याचा कागद आणि रिकामा खोका चेपून त्यांची बारीक घडी केली, आणि ती उद्या डायलिसिसला न्यायच्या पिशवीत, टॉवेलच्या खाली दडवली.