पाठमोरा

मलकापूरच्या लघुपट स्पर्धेत प्रसेनजितचा सिनेमा संपला, तसं परीक्षक स्नेहलताबाईंनी त्याला उभं केलं.

"बावीस मिनिटं बाप पाठमोरा बसून भाकर खातो आणि उठून जातो. ना चेहरा, ना संवाद. कथानक नाही तर नाही, पण बापाची भूमिका तरी नीट लिहायची होती!"

"लिहिली असती मॅडम. पण मी दीड वर्षाचा होतो, तवाच बाबा वारले. घरात त्याईचा एक फोटो नाही. आईनं जेवढं सांगितलं, तेवढंच घेतलं."

"काय सांगितलं होतं आईनं?"

"जेवून कामावर गेले, ते आलेच नाहीत."

स्नेहलताबाईंचा पेन गुणांच्या रकान्यावर थांबला. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून प्रसेनजितची आई, धम्मशीला, उठून उभी राहिली.

"बाबू, ते डाव्या हातानं जेवत."

प्रसेनजित गर्रकन वळला. "हे तू मले कधी सांगितलंच नाही!"

"ध्यानातच नव्हतं रे. इतक्या वर्षांनी आज त्याईले जेवताना पाह्यलं ना."