बारशाला काळे कपडे

फायरप्लेसच्या चिमणीच्या तपासणीची टेर्मिन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, नेमकी बारशाच्या दिवशी आली, आणि काही केल्या बदलून मिळेना. दारात नखशिखांत काळ्या कपड्यांतला चिमणीवाला बघून सासूबाई माझ्यावरच उखडल्या, “आजच्या दिवशी काळं? कोणी सांगितलं नाही का गं याला?”

चिमणी एकदम ठणठणीत आहे म्हणाला, आणि जाता जाता पाळण्यापाशी थांबला. हसत हसत त्याने काजळीचं बोट बाळाच्या गालावर टेकवलं! इथे जर्मनीत चिमणीवाल्याची काजळी लागणं फार शुभ मानतात, पण सासूबाईंना आता ते समजावणार कोण? मी डोळेच मिटून घेतले.

 

सासूबाईंनी घाईघाईने बाळाचा मोजा ओढून काढला. “अगं वल्लरी, थांबव त्याला! तळपायाची तीट राहिली!”