शेवटची सोळा पानं

काकूंची कादंबरी या वेळी काकाच परत घेऊन आले. ग्रंथपाल मुलीला नवल वाटलं, कारण इतक्या वर्षांत काका वाचनालयाची पायरी कधी चढले नव्हते.

"काकू नाही आल्या?"

"भावाकडे गेलीये, आता तिकडेच राहील. तिचं कार्ड बंद करून टाक."

भाजी फोडणीला टाकून पुस्तकात डोकं घालणाऱ्या काकू. दर शनिवारी नवं पुस्तक नेताना करपलेल्या पातेल्याची गोष्ट हसत हसत सांगणार. कार्ड बंद करायचं त्यांनी कसं काय मनावर घेतलं?

"ही तरी वाचून झाली का त्यांची?"

"झाली की. जायच्या आधी एका बैठकीत संपवली. शेवट फार आवडला म्हणाली."

फॉर्म काढायला तिने खण उघडला. फॉर्मच्या वरच रबरबँड लावलेली सोळा पानं होती, याच कादंबरीची शेवटची. बांधणीतून निखळली म्हणून पुस्तक नेतानाच काकूंनी ती तिच्या हवाली केली होती. "तुझ्याकडेच राहू दे बाई, माझ्याकडून हरवतील. शेवटाला आले की धावत येते न्यायला."

तिने खण हळूच लावून घेतला.

"फॉर्मवर काकूंचीच सही लागते, काका. त्यांना एकदा यावं लागेल."

काका त्या बंद खणाकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलावरचं पुस्तक आपल्याकडे ओढलं आणि शेवटचं पान उघडलं.