अनंतरावांची पसंती

बरकतपुऱ्यातल्या घरात तिघे भाऊ जेवायला बसले होते. दहाच्या आत दफ्तर गाठायचं होतं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायला महिना उरला होता; औरंगाबाद मुंबई राज्यात जाणार होतं, हैदराबाद शहर आंध्रात, आणि पुढं कुठल्या राज्यात नोकरी करणार, ते तिघांनाही आज लिहून द्यायचं होतं.

थोरल्या भगवंतरावांनी आमटीचा भुरका मारला. म्हणाले, "औरंगाबाद बरं."

"हौ, बरंच," मधले लक्ष्मणराव म्हणाले.

धाकटे अनंतराव भात कालवत राहिले. त्यांचंही ठरलं होतं.

अनंतरावांची बायको प्रमिला वाढत होती. ती तिघांकडे पाहत राहिली. भगवंतरावांना ठसका लागायच्या आत अनंतरावांचा हात तांब्याकडे जाई. लक्ष्मणरावांनी अर्धंच वाक्य टाकलं की बाकीचे दोघे हसत. मागच्या महिन्यात तिचं तोंड आलं होतं, घासाघासाला डोळ्यांत पाणी येत होतं. ते अनंतरावांना चौथ्या दिवशी कळलं. तेही थोरल्या जावेनं, चतुराबाईंनी, सांगितलं म्हणून.

ती स्वयंपाकघरात आली आणि तिनं पातेलं आदळलं.

"अक्का, हे वाईट आहे. माणसाला स्वतःचं म्हणून काही मन नको?"

चतुराबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. "पंचवीस वर्षांत या भावाभावांत एकदा भांडण झालं नाही. सुखात आहेत. यात वाईट काय, सांग मला."

"भांडायलाही दोन माणसं लागतात, अक्का. इथं एकच आहे."

"जळतेस तू," चतुराबाई म्हणाल्या. रागावून नाही, सहज.

प्रमिलेनं आदळलेलं पातेलं सरळ केलं. ते खरं होतं.

अनंतराव खोलीत कोट चढवत होते. टेबलावर सरकारी कागद होता. नाव, हुद्दा भरलेला; पसंतीची जागा कोरी.

"तुम्हाला कुठं जायचंय?" तिनं विचारलं.

"औरंगाबादचं ठरलं की आमचं."

"तिघांचं नाही विचारत. तुम्हाला, एकट्याला, कुठं जायचंय?"

अनंतराव हसले. मग थांबले. कोटाची एक बाही तशीच लोंबत राहिली. त्यांनी कागदाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग ओसरीकडे, जिथून भावांचे आवाज येत होते. कपाळावर घाम दिसू लागला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "असं कुणी विचारलंच नाही कधी."

तिला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. त्या दोघांनी कधी न विचारलेलं तिनं विचारलं होतं. आत कुठंतरी ती सुखावली.

"तूच सांग," अनंतराव म्हणाले. "काय लिहू?"

विचार करा, दुपारपर्यंत वेळ आहे, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं पेन उघडून त्यांच्या हातात दिलं.

"हैदराबाद लिहा."

त्यांनी लिहिलं. का, ते विचारलं नाही. खाली दस्तखत केलं. चेहऱ्यावरचा घाम पुसला आणि ते पुन्हा शांत दिसू लागले, पानावर बसले असताना होते तसे.

"आणि दादांना काय सांगू?"

"सांगा, मी इथून हलायची नाही."

अनंतरावांनी मान डोलावली. कागद खिशात घालून ते बाहेर निघाले. चालताना त्यांचे ओठ हलत होते. प्रमिला मागोमाग दारापर्यंत आली.

ओसरीवर दोघे भाऊ वहाणा घालून उभे होते.

"दादा," अनंतराव म्हणाले, "मी इथून हलायची नाही."

भगवंतरावांनी धाकट्या भावाकडे पाहिलंच नाही. त्यांनी दारातल्या प्रमिलेकडे पाहिलं, बराच वेळ.

"ठीक आहे," ते तिला म्हणाले.