अगदी स्वच्छ

टीव्हीवरच्या ॲपमधली मालिकांची नावं मुकुंदरावांना वाचता येईनात, म्हणून ते रोज बंगळुरूला मुलीला फोन करायचे. पद्मजा ते ॲप बनवणाऱ्या कंपनीतच होती. वरिष्ठांशी भांडून तिने मोठ्या अक्षरांची सोय करून घेतली आणि कर्वेनगरच्या घरी येऊन स्वतः सुरू करून दिली.

"आता दिसतं ना, बाबा?"

"अगदी स्वच्छ!"

त्यानंतर त्यांचे फोन थांबले. पद्मजा खूश होती.

दिवाळीला ती आली, तर टीव्हीची वायरच काढून ठेवलेली होती आणि बाबा नुसतेच समोर बसले होते.

"अहो बाबा, मोठी अक्षरंही दिसत नव्हती तर सांगितलं का नाहीत?"



"अगं, पडदाभर अक्षरं केलीस. आता त्याहून मोठी कुठे करणार होतीस?"