एकशे एकविसावं पान

केटररला बारापर्यंत आकडा द्यायचा होता आणि भोसरीतल्या मोजमाप-यंत्रांच्या प्रोग्रॅमरांच्या मेळाव्याची यादी एकशे एकवीसवरून हलत नव्हती. ऑफिसात कोण काय बोललं ते ऐकून ‘नोंदक’ हा एआय सहायक स्वतःच यादी करायचा. फॉर्म भरायची सवय माणसांना उरलीच नव्हती.

“केळुसकर सरांचं नाव काढ,” जेवणाची व्यवस्था बघणारी शर्वाणी तिसऱ्यांदा ओरडली. “मागच्या महिन्यात वारले ते!”

“वारल्याची नोंद आहे,” नोंदक म्हणाला. “न येण्याची नाही. मेळाव्याची तारीख ठरवून निघताना ते दारात म्हणाले, ‘येतो.’”

“अरे गाढवा, निघताना सगळेच ‘येतो’ म्हणतात! त्याचा अर्थ ‘जातो’ असा असतो!”

“मग ‘जातो’ का म्हणत नाहीत?”

शर्वाणीची नजर दाराकडे गेली. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती ‘जाते, सर’ म्हणाली होती, तेव्हा केळुसकरांनीच तिला जिन्यातून परत बोलावून ‘येते’ म्हणायला लावलं होतं.

तिने केटररला फोन लावला.

“एकशे एकवीस,” ती चिडूनच म्हणाली. “हो, पक्का आकडा आहे.”