सात महिन्यांची सही

परिचारिकांना नोकरीत कायम करणारं विधेयक दाबून ठेवलं तर राज्यपालांना राजभवनात आणखी दोन वर्षं मिळणार होती. केंद्रातून तसा शब्दच आला होता. सही केली तर घरी. म्हणून सात महिने त्यांनी ते ना मंजूर केलं, ना परत पाठवलं. पण आज फाटकाबाहेर, बारा-बारा वर्षं हंगामीच राहिलेल्या परिचारिका 'कायम करा' म्हणत उपोषणाला बसलेल्या पाहिल्या आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी पेन उघडलं.

तेवढ्यात मुख्यमंत्री धापा टाकत आले आणि दार लावून घेतलं.

"सही करताय म्हणे?"

"तुमचंच विधेयक आहे. रोज माझ्या नावानं खडे फोडताय ना?"

"अहो साहेब, ते बाहेर बोलायचं! तिजोरीत खडखडाट आहे. तुम्ही अडवाल या भरवशावर तर विधानसभेत मंजूर करून घेतलं!"

लाज होतीच, पण आता तिला भागीदार मिळाला होता. राज्यपालांनी पेनाला टोपण लावलं.

फाटकाशी जाऊन मुख्यमंत्री कडाडले, "ताईंनो, हा माणूस अजून अडून बसलाय!"

एकाची खुर्ची टिकली, दुसऱ्याची मतं. किंमत परिचारिकांनी मोजली, आणि टाळ्याही त्यांनीच वाजवल्या.